कूलंटचा थेंब आणि घाटाची चढण

सदर : घरची गाडी

या महिन्यात खर्डीच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न घेत आहोत. त्यांच्या घरी पंधरा वर्षे ओलांडलेली छोटी पेट्रोल गाडी आहे. नुकतेच पुन्हा पासिंग होऊन पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. शौहर रोज लोकलने कल्याणला नोकरीला जातात. त्यामुळे गाडी आठवडाभर अंगणात उभी असते. ती निघते रविवारी, लग्नकार्याला, किंवा सासऱ्यांना नाशिकच्या डॉक्टरांकडे न्यायचे असेल तेव्हा. दोन महिन्यांपासून बोनेटमधल्या बाटलीतले कूलंट कमी होते आहे. एका गॅरेजवाल्याने सांगितले की लीकेज किरकोळ आहे, पाणी टाकत राहा. आता घरात दोन मते पडली आहेत. शौहर म्हणतात, पाणी टाकून चालवू. दीर म्हणतात, पावडर टाकून गळती बंद करू आणि गाडी विकून टाकू. भगिनी विचारतात, किरकोळ म्हणजे नेमके किती? आणि अशी गाडी घेऊन कसारा घाट चढावा का?

प्रश्न थोडक्यात असला तरी त्यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत. गाडीत बसणाऱ्यांचा जीव, अंगणात फिरणारी मुले व जनावरे, आणि गाडी विकताना विकणाऱ्याचे ईमान. तिन्हींचा क्रमाने विचार करू.

रबर गेलेला कूकर

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या उष्णतेचा मोठा वाटा धातूत उतरतो. ती उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणे हे कूलंटचे काम. छोट्या गाडीत ते साधारण तीन ते पाच लिटर असते. पाण्यात ग्लायकॉल नावाचे रसायन आणि गंज रोखणारी द्रव्ये मिसळून ते तयार होते. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून वापरतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. आपल्याला ते हवे असते उकळी लांबवण्यासाठी आणि गंज टाळण्यासाठी.

उकळी लांबवण्याचे दुसरे साधन म्हणजे रेडिएटरचे झाकण. हे साधे झाकण नाही, त्यात स्प्रिंग असते. इंजिन तापले की आत दाब तयार होतो आणि झाकण तो धरून ठेवते. स्वयंपाकघरातल्या कूकरचे तत्त्व हेच. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, तिथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळेल. पण रेडिएटरचे झाकण बहुतेक गाड्यांत ०.९ बारच्या आसपास दाब धरते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट त्याहूनही वर जाते. घाटात इंजिनला जो आधार मिळतो तो या वीस-पंचवीस अंशांचा.

आता कूकरचे रबर सैल झाले तर काय होते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाणी फारसे सांडत नाही, पण शिट्टी होत नाही आणि डाळ शिजत नाही. कूलंटच्या गळतीचेही तसेच आहे. दिवसाला चार थेंब गेले म्हणून काही बिघडत नाही असे वाटते. पण ज्या फटीतून थेंब जातो त्याच फटीतून दाबही जातो. गावातल्या गावात गाडी फिरते तेव्हा हे कळत नाही. पाच माणसे बसवून, एसी लावून चढण सुरू केली की मग कळते. म्हणून गळती किती थेंबांची आहे हे एकट्याने पुरेसे नाही, गाडी कुठे न्यायची आहे हेही विचारात घ्यावे लागते.

खर्डीकरांना हे वेगळे सांगायला नको. खर्डीनंतर उंबरमाळी, मग कसारा, आणि लगेच थळ घाट. कसारा-इगतपुरी हा रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याची चढण ३७ मीटरला एक मीटर अशी आहे आणि आजही त्या चढणीसाठी गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने जोडतात. आपल्या छोट्या मोटारीला मागून ढकलणारे कोणी नसते. सगळा भार तिच्या एकट्या इंजिनवर.

पाणी जाते कुठून?

आधी खात्री करा की गळते आहे ते कूलंटच आहे. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली पुढच्या बाजूला स्वच्छ, वास नसलेले पाणी ठिबकते. ते हवेतले दव आहे, त्याची काळजी नको. कूलंट हिरवे, निळे, गुलाबी किंवा लाल असते, बोटांना किंचित चिकट-बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन मात्र कधीही पाहू नका. कारण पुढे सांगतो.

रात्री गाडीखाली इंजिनच्या बाजूला मोठा पांढरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. त्यावरून जागा बरीचशी कळते.

पहिली नेहमीची जागा म्हणजे होज पाईप आणि त्यावरची क्लिप. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. बोटाने दाबल्यावर पाईप फार मऊ लागला किंवा करकरला तर तो बदलण्याजोगा झाला. दुसरी जागा रेडिएटर. त्याची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि वरखालच्या किंवा बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. जिथे दोन्ही जोडले जातात तिथे पांढरट किंवा हिरवट पापुद्रा दिसला की तिथून पाझर आहे असे समजा. तिसरी जागा वॉटर पंप, ज्याला आपले मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात. त्याला खाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील खराब झाले की त्यातून थेंब येऊ लागतात. ते छिद्र एम-सीलने बुजवणे म्हणजे इशाऱ्याचे तोंड बंद करणे. चौथी जागा खुद्द झाकण. त्याचे रबर फाटले की बाहेर डाग न दिसताही वाफ निघून जाते. पाचवी जागा डॅशबोर्डमागचा हीटर. पुढच्या सीटखालची मॅट ओली असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल आणि आत गोड वास येत असेल तर गळती तिथे आहे. हा वास बहुधा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बायकांना आधी जाणवतो. त्या सांगतात तेव्हा ऐकावे.

गळती सापडत नाही, पण पातळी मात्र घटते, अशा वेळी सावध व्हा. ऑइलचे झाकण उघडून आत दुधाळ चहासारखा थर आहे का, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहतो का, ते पाहा. तसे असेल तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता आहे. ती गळती किरकोळ नाही.

किरकोळ कशाला म्हणावे?

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीवर पातळीची रेघ मारा आणि तारीख व किलोमीटर एका वहीत लिहा. जुम्म्याच्या दिवशी आपण नखे कापतो, कपडे काढून ठेवतो. त्याच वेळी दोन मिनिटे बोनेट उघडायची सवय लावली तर विसर पडत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत रेघेखाली बोटभर उतरले तर गळती लहान आहे. शोधायला वेळ आहे, पण शोधायची आहेच. दर आठवड्याला भरावे लागत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी गावापुरतीच ठेवा. एका फेरीतच पातळी घटत असेल, खाली थारोळे होत असेल, किंवा तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला असेल तर गाडी जागची हलवू नका.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. फक्त बाटली पाहून भागत नाही. गाडी थंड होते तेव्हा रेडिएटर बाटलीतले पाणी परत आत ओढून घेतो. पण गळतीची फट असेल तर तो पाण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढू शकतो. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. म्हणून थंड गाडीत रेडिएटरचे झाकण उघडून पाणी तोंडापर्यंत आहे का ते पाहावे.

काट्यावरही आंधळा भरवसा नको. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपले तर तो कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. अचानक खाली आलेला काटा पाहून हायसे वाटू देऊ नका.

चांगल्या गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंप असतो. त्याने थंड इंजिनात दाब भरला की गळतीची जागा काही मिनिटांत ओली होते. गॅरेजवाल्याला एवढेच सांगा की आधी प्रेशर लावून दाखवा, मग काय बदलायचे ते ठरवू. क्लिप, झाकण किंवा होज पाईप यांचा खर्च थोडका असतो. वॉटर बॉडी किंवा रेडिएटरचा त्याहून बराच जास्त. आणि गाडी तापून हेड वाकले तर इंजिन उघडावे लागते. तो खर्च कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

पाणी टाकत राहा, हा सल्ला कितपत बरा?

वाटेत अडकल्यावर साधे पाणी टाकून घर गाठणे ठीक. पण महिनोन् महिने पाणीच टाकत राहिले की कूलंट पातळ होते, गंज रोखणारी द्रव्ये संपतात आणि आतून गंज धरतो. शहापूर तालुक्याची पाण्याची गोष्ट आपण जाणतोच. तानसा, मोडकसागर, भातसा इथले पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. घरोघरी वापरले जाते ते बहुधा बोअरचे पाणी. त्यातल्या क्षाराचा पांढरा थर आपण बादलीला, हंड्याला पाहतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग गळती बंद करूनही गाडी तापतच राहते आणि रेडिएटरवाल्याकडे रॉडिंग करून घ्यावे लागते.

म्हणून पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट वापरा. कूलंट तयार मिसळलेले मिळते किंवा घट्ट मिळते. घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घाला. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या प्रकारची असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळली तर आत गाळ धरू शकतो.

हळदीचा इलाजही विचारला जातो. ट्रकवाले पूर्वीपासून रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती फुगून बारीक छिद्रात बसते. बाजारातली गळती-बंद पावडर याच तत्त्वावर चालते. रानात अडकलेल्या माणसाला त्याने घर गाठता येते. पण जी वस्तू छिद्र बुजवते ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. तो इलाज नव्हे, तात्पुरती पट्टी आहे. टाकलीच असेल तर गॅरेजवाल्याला सांगा, म्हणजे तो आतून धुऊन काढेल.

थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील, असेही कोणी सुचवते. नवे नसेल तर बदला, पण काढून टाकू नका. गाडी ठरलेल्या तापमानाला चालावी म्हणूनच तो दिलेला आहे.

घाटात गाडी तापली तर

काटा चढू लागला की प्रथम एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात करा. उन्हाळ्यात हे नकोसे वाटते, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरत नसेल, किंवा वाफ दिसली, तर पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबा, इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा. मुलांना आणि वृद्धांना गाडीपासून दूर, कठड्याच्या आतल्या बाजूला उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट वाचतो खरा, पण बोगद्यात गाडी बंद पडणे घाटाहून वाईट. संशय असेल तर बोगद्याच्या अलीकडेच थांबा.

थांबल्यावर किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आत १०० अंशांहून गरम पाणी दाबाखाली असते. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि त्याची क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते. होज पाईप हाताला कोमट लागू लागला की झाकणावर जाड फडके टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग उघडा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. कोणी भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, आणि दवाखान्यात न्या.

आणखी एक. चढणीवर गाडी मागे सरकू नये म्हणून आपण चाकामागे दगड लावतो. गाडी निघाली की दगड तिथेच राहतो आणि रात्री एखादा दुचाकीस्वार त्यावर आपटतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका आहे असे आपल्याला शिकवले गेले आहे. आपणच ठेवलेला दगड उचलणे तर त्याच्याही आधी येते.

अंगणातले गोड विष

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड असते आणि ते विष आहे. शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर अशा आम्लांत होते की मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मांजराचा जीव जायला ते काही चमचेच पुरे होते. कुत्री, शेळ्या, कोंबड्याही त्याला तोंड लावतात. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि मांजर बांधून उपाशी मारणारी शिक्षेला पात्र ठरली, हे आपण मुलांना सांगतो. मे महिन्यात अंगणात पाण्याचे भांडे ठेवत असाल तर शेजारी गाडीखाली हे हिरवे थारोळे राहता कामा नये. त्यावर माती किंवा भुसा टाका, भिजला की गोळा करून पिशवीत बांधा, मग जागा धुऊन टाका. जुने कूलंट विहिरीजवळ, ओहोळात किंवा गटारात ओतू नका, गॅरेजलाच ठेवा.

उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती आजच मोडा. हिरवे कूलंट सरबतासारखे आणि गुलाबी कूलंट तर रूहअफजासारखेच दिसते. रमजानमध्ये मगरिबच्या अजानला घाईत बाटली उचलली जाते, मुलांना तर कारणही लागत नाही. मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलुपात ठेवा. कोणी प्यायले अशी शंका जरी आली तरी उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. डबा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी.

विकायची असेल तर

आता दीरांच्या सूचनेबद्दल. पावडर टाकून गळती थांबवायची, इंजिन धुऊन चकचकीत करायचे आणि गाडी खपवायची, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात चालते. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. रेडिएटरमधली पावडर म्हणजे राशीच्या पोटातले ओले धान्यच. इथे तर प्रश्न केवळ पैशांचा नाही. घेणारा कदाचित पहिल्याच रविवारी बायकामुलांना घेऊन त्याच घाटाला लागेल.

दोष सांगून विकली तर किंमत थोडी कमी येईल. त्यापेक्षा दुरुस्ती करून, बिल दाखवून विकली तर भाव बरा मिळतो आणि मनही स्वच्छ राहते. घेणाऱ्यांनीही थंड इंजिनात रेडिएटरचे झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

तेव्हा भगिनीला उत्तर असे. सध्या घाट चढू नका. सासऱ्यांना तारखेला नेणे चुकवता येत नसेल तर ट्रेनने किंवा दुसऱ्या गाडीने न्या. या आठवड्यात प्रेशर लावून जागा शोधून घ्या. क्लिप, पाईप किंवा झाकण निघाले तर त्याच दिवशी काम होईल. मग आतून धुऊन नवे कूलंट भरा, पंधरा दिवस वहीत पातळी लिहा. रेघ हलली नाही तर बिनधास्त नाशिकला जा. गाडी ठेवायची की विकायची हे त्यानंतर शांतपणे ठरवा. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले गेले होते. सफरची दुआ जरूर म्हणा, पण त्याआधी बोनेट उघडून पाहा.

अल्लाह आपणा सर्वांचे प्रवास सुखरूप करो. आमीन.